मानपत्रात काम दिसलं पाहिजे

प्रश्न : मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी विधी महाविद्यालयात शिकवते. वकिली आणि न्यायक्षेत्रात नाव कमावलेल्या आमच्या पदवीधरांचा माजी विद्यार्थी संघातर्फे यंदापासून दरवर्षी गौरव करायचं ठरलंय. निवड कशी करावी? न्यायाधीशांचा सत्कार करता येतो का? मानपत्र कसं लिहावं? संस्थाचालकांकडून आत्तापासूनच नावं येऊ लागली आहेत, त्यांचं काय करायचं?

उत्तर :

मॅडम, आधी नावं ठरवायची आणि मग त्या नावांना बसतील असे निकष शोधायचे, असंच बहुतेक ठिकाणी चालतं. तुम्ही निकष आधी विचारताय, म्हणून सविस्तर लिहितो.

मी अडतीस वर्षं वकिली करतोय. पहिली अकरा वर्षं तालुका आणि जिल्हा न्यायालयात गेली, पुढची सगळी खंडपीठात. चार महाविद्यालयांच्या गौरव समित्यांवर काम केलं आहे. त्यातून मला कळलेली गोष्ट एकच, आणि पुढचं सगळं तिच्यातूनच निघतं. महाविद्यालय ज्याला व्यासपीठावर बसवतं, त्याच्याकडे बोट दाखवून ते समोरच्या मुलांना सांगत असतं की वकिली करायची तर अशी. मुलं ते लक्षात ठेवतात. म्हणून या माणसाने नेमकं काय काम केलं, हे कार्यक्रम संपेपर्यंत सभागृहातल्या शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळलं पाहिजे.

हे कुठून आलं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका समारंभाला गेलो होतो. सत्कारमूर्तींमध्ये एक्क्याऐंशी वर्षांचे एक वकील होते. तालुक्याच्या गावाहून नातवाबरोबर एसटीने आले होते, सकाळी दहापासून पहिल्या रांगेत बसून होते. प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला म्हणून कार्यक्रम साडेबाराला सुरू झाला. सहा जणांचा सत्कार होता आणि सहाही मानपत्रांत तोच मजकूर : ‘कायद्याचे गाढे अभ्यासक, न्यायदेवतेचे निस्सीम उपासक, पक्षकारांचे कैवारी’. नावं तेवढी बदललेली. वकीलसाहेबांना शाल घातली, फोटो काढला, खाली बसवलं. जिना उतरताना शेवटच्या वर्षाच्या एका मुलाने मला विचारलं, ‘सर, ते म्हातारे वकील कोण होते?’ तीन तास तो मुलगा त्याच सभागृहात बसला होता.

मला ते कोण होते हे माहीत होतं, कारण मी त्यांच्या विरुद्ध बाजूला उभा राहिलेला माणूस. १९९० च्या सुमाराची गोष्ट. मी सरकारी वकिलांच्या हाताखाली ज्युनिअर होतो. अंबड भागातल्या एका पाझर तलावासाठी जमिनी गेल्या होत्या आणि शेतकऱ्यांनी वाढीव मावेजासाठी, म्हणजे भरपाईसाठी, १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली अर्ज केले होते. आमच्या कागदांत एका गटाची नोंद होती : जिरायत, झाडे नाहीत. हे वकीलसाहेब तारखेच्या आधी स्वतः त्या शेतात जाऊन आले. तलावाच्या पाण्याबाहेर जो तुकडा उरला होता तिथल्या मोसंबीच्या ओळी त्यांनी सुतळी धरून मोजल्या. बुडालेल्या भागात ओळी किती असतील, याचा हिशेब त्यावरून मांडला. शेतकऱ्याच्या घरातली लाकडी पेटी उघडायला लावली. तिच्यात पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीची जुनी वीजबिलं निघाली आणि जालन्याच्या आडत्याच्या मोसंबी-विक्रीच्या पट्ट्या निघाल्या. हे सगळं पिशवीत घालून ते उलटतपासाला उभे राहिले. आवाज कधी चढवत नसत. आमच्या अधिकाऱ्याला विचारलं, ‘संयुक्त मोजणीच्या दिवशी आपण गटात आत गेलात की बांधावर थांबलात?’ साक्षीदार म्हणाला, बांधावर. ‘बांधावरून विहीर दिसत होती?’ नाही म्हणाला. ‘मग विहीर नाही हे आपण कशावरून लिहिलं?’ साक्षीदार गप्प. मग त्यांनी एकेक बिल काढून पुढे ठेवायला सुरुवात केली. तो दावा आम्ही हरलो, आणि हरायलाच हवा होता.

खरं काम तर पुढेच झालं. १९८४ च्या दुरुस्तीने त्या कायद्यात कलम २८-अ आलं. ज्यांनी स्वतः कलम १८ चा अर्ज केला नव्हता, पण ज्यांची जमीन त्याच अधिसूचनेत गेली होती, त्यांनाही शेजाऱ्याला न्यायालयाने दिलेल्या दराने मावेजा मागता येत असे (२०१४ पासून त्या कायद्याच्या जागी नवा भूसंपादन कायदा आला). अट एकच, निकालापासून तीन महिन्यांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस तेवढे त्यातून वगळत. गावातल्या माणसाला हे कोण सांगणार? निकाल लागला त्याच आठवड्यात वकीलसाहेब आठवडी बाजाराच्या दिवशी तहसीलसमोरच्या लिंबाखाली जाऊन बसले. ज्यांची जमीन गेली पण अर्ज केला नव्हता अशांना बोलावून घेतलं, हाताने लिहिलेला नमुना वाटला, अंगठे आणि सह्या घेतल्या. त्याची फी घेतली नाही. त्याच दुरुस्तीने जमिनीच्या किमतीवर ३० टक्के दिलासा रक्कम (जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा रक्कम) आणि न्यायालयाने वाढवून दिलेल्या रकमेवर पहिल्या वर्षी ९ व पुढे १५ टक्के व्याज ठरवून दिलं होतं. दोन एकर गमावलेल्या घराला त्या मुदतीत केलेल्या एका अर्जाने काय फरक पडला असेल, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता हा माणूस मानपत्रात ‘न्यायदेवतेचा उपासक’ म्हणून आला आणि गेला.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं, म्हणजे निवडीचं, उत्तर यातच आहे. मोठं पद ही एक खूण झाली, पण निवड कामावर करा. न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांनी कायद्याची पदवी आपल्या मराठवाडा विद्यापीठातून घेतली, औरंगाबादच्या आंबेडकर विधी महाविद्यालयात काही काळ शिकवलं, इथल्या न्यायालयांत वकिली केली आणि जानेवारी २०२४ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात पोचले. याचा अभिमान प्रत्येकाला वाटलाच पाहिजे, मुलांना हे सांगितलंच पाहिजे. पण तुमच्या महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या शंभर मुलांपैकी नव्वद जण गेवराईला, अहमदपूरला, वैजापूरला, किनवटला उभे राहणार आहेत. त्यांना तिथलाही एखादा चेहरा दिसू द्या. मी तर म्हणतो, पहिली दोन वर्षं तालुका आणि जिल्हा न्यायालयातलेच पदवीधर निवडा. खंडपीठातल्यांचा सत्कार करायला बाकीचे आहेत.

मराठवाड्याच्या वकिलीचा स्वतःचा इतिहास आहे आणि तो निवड समितीला ठाऊक हवा. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवटीतून मोकळा झाला, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. राज्य बदललं, तरी जमिनीचे कायदे हैदराबादचेच राहिले : १९५० चा हैदराबाद कूळकायदा, १९५४ चा इनाम निर्मूलन कायदा. कूळकायद्याच्या कलम ३८-ई खाली मालकी मिळणाऱ्या संरक्षित कुळांची प्रकरणं, १९५४-५५ च्या खासरा पत्रकातल्या जमीन-ताब्याच्या नोंदी, इनामी जमिनींचे उर्दूतले मुंतखब म्हणजे इनामाचे निजामी दाखले, हे पुण्या-मुंबईच्या वकिलाच्या वाट्याला आलंच नाही. आपल्याकडच्या जुन्या पिढीत असे वकील होते जे निजामकाळातला घसटत्या हस्ताक्षरातला उर्दू कागद स्वतः वाचत आणि संध्याकाळी ज्युनिअरला समोर बसवून वाचायला शिकवत. असे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. तुमच्या पदवीधरांत एखादे असतील तर त्यांचा नंबर सगळ्यात आधी लागला पाहिजे. सत्काराच्या आधी त्यांच्याकडून चार मुलांना तो कागद वाचायला शिकवून घ्या.

आणखी एक गोष्ट मुलांना माहीत नसते. औरंगाबादचं माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय १९५६ चं, मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. त्याआधी कायदा शिकायला हैदराबाद, पुणे, नागपूर गाठावं लागे. आणि १९५६ नंतर १९८१ पर्यंत उच्च न्यायालयाचं काम असलं की मुंबई. परभणीचा शेतकरी अपिलाच्या तारखेला रात्रभर रेल्वेने जायचा आणि तारीख पुढे गेली की तसाच परत यायचा. २७ ऑगस्ट १९८१ ला मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांच्या आदेशाने औरंगाबादला न्यायमूर्ती बसू लागले. त्या आदेशाला आव्हान दिलं गेलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९८२ मध्ये नारायण शामराव पुराणिक खटल्यात तो आदेश वैध ठरला. २७ ऑगस्ट १९८४ पासून खंडपीठ कायमचं झालं. आज मराठवाड्याचे आठ आणि अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार असे बारा जिल्हे तिथे येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, तेही औरंगाबादच्या १९८१ च्या आदेशासारखंच राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली. खंडपीठासाठी ज्या वकिलांनी वर्षानुवर्षं ठराव केले, निवेदनं दिली, स्वतःच्या खर्चाने मुंबईच्या फेऱ्या मारल्या, त्यातले काही तुमच्याच महाविद्यालयाचे असतील. बाररूमचे जुने ठराव चाळा, नावं सापडतील.

आता संस्थाचालकांच्या नावांचं. त्यांच्याशी भांडू नका, पण त्यांच्या हातात कोरा कागदही देऊ नका. एकही नाव पुढे येण्याआधी नियमावली लिहून माजी विद्यार्थी संघाच्या कार्यकारिणीत ठरावाने मंजूर करून घ्या. नाव सुचवायचं असेल तर कुणीही सुचवावं, अगदी अध्यक्षांनीही, पण सगळ्यांना अर्ज एकच. त्यात या व्यक्तीने काय काम केलं हे एका पानात लिहायचं आणि त्याला आधार म्हणून एखादा निकाल, एखादं कागदपत्र जोडायचं. स्वतःचा अर्ज स्वतः करायचा नाही. ‘माणूस मोठा आहे’ एवढंच लिहिलेला अर्ज मग आपोआप मागे पडतो, आणि ‘नाही’ कुणी म्हटलं हा प्रश्नच उरत नाही. दोन गोष्टी नियमावलीतच घाला : ज्याने त्या वर्षी महाविद्यालयाला देणगी दिली त्याचा त्या वर्षी गौरव नाही, आणि बार असोसिएशनच्या (वकील संघाच्या) किंवा वकिलांची नोंदणी करणाऱ्या बार कौन्सिलच्या निवडणुकीला जो उभा आहे त्याचाही नाही. निवडणुकीच्या तोंडावरच्या सत्काराचा प्रचाराला कसा उपयोग होतो ते मी दोनदा पाहिलंय, आणि दोन्ही वेळा महाविद्यालयाचं नाव फुकट खराब झालं.

समिती पाच जणांची पुरे. एक निवृत्त न्यायाधीश, एक तुमच्यासारखा शिकवणारा, एक दुसऱ्या जिल्ह्यातला वकील आणि दोन माजी विद्यार्थी, त्यातली एक तरी स्त्री. संस्थेचा पदाधिकारी समितीत नको.

नाव पक्कं करण्याआधी चौकशी करा, आणि ती नीट करा. वकिलीची सनद चालू आहे का, वकील कायदा १९६१ च्या कलम ३५ खाली गैरवर्तनाची कारवाई झालीय का, हे पाहणं सोपं आहे. पण खरी माहिती तीन माणसांकडे असते. समोरच्या बाजूला उभा राहणारा वकील, त्याचा स्वतःचा जुना कारकून आणि त्याच्याकडून बाहेर पडलेला ज्युनिअर. समोरच्या वकिलाला विचारा, ‘यांनी कधी तुम्हाला खोटा कागद दाखवला? दिलेला शब्द फिरवला?’ कारकुनाला विचारा की पक्षकाराने दुसरा वकील केला तर फाईल मुकाट्याने परत देतात की फीसाठी अडकवून ठेवतात. तशी अडकवता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलंय, तरी प्रकार चालूच आहे. आणि ज्युनिअरला विचारा की महिन्याला काय मिळत होतं.

या शेवटच्या प्रश्नाला मी फार महत्त्व देतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शिफारस केली की ज्युनिअरला शहरात महिन्याला किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत. ही शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तालुक्याला सगळ्यांना ती झेपणार नाही हे मला कळतं. पण ज्याच्या ऑफिसातून वीस वर्षांत एकही ज्युनिअर स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही, त्याची प्रॅक्टिस कितीही मोठी असली तरी मी त्याच्या नावावर सही करत नाही. उलट माझ्या माहितीत एक वकील आहेत, बीड जिल्ह्यातले. त्यांच्याकडची सात मुलं आज सात वेगवेगळ्या कोर्टांत उभी आहेत, आणि त्यातली दोन मुलं ऊसतोड कामगारांची. स्वतःच्या कोटाची बाही उसवलेली असताना या माणसाने ज्युनिअरला पहिला कोट शिवून दिलेला मी पाहिलाय.

फक्त कोर्टात उभं राहणाऱ्यांचाच विचार करू नका. कनिष्ठ स्तरावर न्यायाधीश म्हणून लागून वीस वर्षं लहान गावांत फिरत काम केलेले आणि शांतपणे निवृत्त झालेले लोक आहेत. सहायक सरकारी अभियोक्ता आहेत, कायदा शिकवणारे आहेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांची प्रकरणं चालवणारे आहेत. आणि बायका. ऐंशी-नव्वदच्या दशकात आपल्याकडे ज्या मुलींनी एलएल.बी. केलं, त्यातल्या कितीतरी जणी पोटगी आणि कौटुंबिक छळाची प्रकरणं मिळेल त्या पैशात चालवत राहिल्या, कारण दिवाणीचं मोठं काम त्यांच्याकडे कुणी येऊच दिलं नाही. त्यांच्यासाठी ‘महिला विशेष’ असा वेगळा कोपरा करू नका. मुख्य यादीत, पहिल्या क्रमांकाने घ्या.

न्यायाधीशांबद्दल विचारलंत. निवृत्त न्यायाधीशांचा गौरव खुशाल करा. पदावर असलेल्यांचा करू नका. सर्वोच्च न्यायालयाने मे १९९७ मध्ये न्यायिक जीवनमूल्यांचं जे निवेदन स्वीकारलं, त्यात नातेवाईक आणि मित्र सोडून कुणाकडून भेटी व पाहुणचार न घेणं, वकीलवर्गातल्या व्यक्तींशी फार जवळीक टाळणं ही तत्त्वं आहेत. जिल्हा न्यायव्यवस्थेतल्या न्यायाधीशांना तर सेवानियमांचं बंधन असतं, मानपत्र स्वीकारायलाही पूर्वपरवानगीचा प्रश्न येतो. आणि व्यवहार बघा : बहुतेक शिक्षणसंस्थांची कसली ना कसली प्रकरणं कोर्टात असतात, प्राध्यापकांच्या नेमणुका म्हणा, संस्थेच्या दोन गटांचा वाद म्हणा. उद्या ते प्रकरण त्याच न्यायाधीशांपुढे निघालं तर त्यांना बाजूला व्हावं लागेल किंवा लोक कुजबुजतील. त्यांना व्याख्यानाला बोलवा, मुलांशी बोलू द्या. तुमच्या संस्थेचं वकीलपत्र ज्यांच्याकडे आहे त्यांनाही हाच नियम लावा.

चपळगावकर सरांचं उदाहरण देतो. न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर बीडचे. वकिली, मग उच्च न्यायालयात न्यायदान, आणि निवृत्तीनंतर इतिहासावर आणि न्यायव्यवस्थेवर मराठीत इतकं लिहिलं की २०२३ च्या वर्ध्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. जानेवारी २०२५ मध्ये ते गेले. ज्या महाविद्यालयांनी त्यांना वेळेवर बोलावलं त्यांच्या मुलांनी ते ऐकलं. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्यांना ती संधी पुन्हा मिळणार नाही. म्हणून वयाने मोठ्यांना आधी घ्या, आणि वर्षाला तिघांपेक्षा जास्त घेऊ नका. सहा-आठ सत्कार झाले की मुलं नावंही विसरतात.

मानपत्राकडे येतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ३६ वा नियम मुलांना तुम्ही शिकवत असालच : वकिलाने प्रत्यक्ष किंवा आडून जाहिरात करायची नाही, चालवलेल्या प्रकरणांच्या संदर्भात स्वतःचे फोटो छापून आणायचे नाहीत, पाटीवर अमुक विषयातला तज्ज्ञ किंवा माजी न्यायाधीश असं लिहायचं नाही. मग महाविद्यालयाने चौकात भला मोठा फ्लेक्स लावून ‘फौजदारीतले अजिंक्य वकील’ असं लिहिलं तर ते कुणाच्या अंगलट येणार? चालू प्रकरणाचा उल्लेख मानपत्रात एका शब्दानेही नको. पक्षकारांची नावं नकोत. ‘इतक्या केसेस जिंकल्या’ तर मुळीच नको. फ्लेक्स लावूच नका, आणि चाहत्यांनाही लावू देऊ नका अशी विनंती सत्कारमूर्तींना पत्रातच करा. कार्यक्रमाची बातमी महाविद्यालयाच्या नावाने जाऊ द्या.

मग लिहायचं काय? जे केलं ते, साध्या वाक्यांत. त्या वयोवृद्ध वकिलांचं मानपत्र नंतर मी माझ्या समाधानासाठी पुन्हा लिहून काढलं होतं. ते असं : ‘आपण वकिलीची पन्नासहून अधिक वर्षं एकाच तालुक्याच्या गावी काढली. पाझर तलावांत जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचे अर्ज चालवण्यापूर्वी आपण प्रत्येक शेत स्वतः जाऊन पाहिलंत. ज्यांनी अर्जच केला नव्हता त्यांना कलम २८-अ चा हक्क आपण बाजारात बसून, फी न घेता सांगितलात. विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराचा आपण कधी पाणउतारा केला नाहीत. आपल्याकडे शिकलेले वकील आज चार जिल्ह्यांत काम करत आहेत.’ यात विशेषण एकही नाही. यातलं कुठलंच वाक्य दुसऱ्याच्या मानपत्रात तसंच्या तसं घालता येणार नाही, आणि तुमच्या मसुद्याची परीक्षाही हीच. एखादं वाक्य उचलून दुसऱ्या नावाखाली ठेवून बघा. चपखल बसलं तर खोडा.

मसुदा मुलांकडून लिहून घ्या. दोन-दोन मुलं त्या व्यक्तीच्या घरी, ऑफिसात, जमल्यास कोर्टात एक दिवस जाऊ द्या. त्यांनी चालवलेल्या प्रकरणातला एक निकाल पूर्ण वाचू द्या. मग मानपत्र मुलांनी लिहावं, तुम्ही तपासावं, आणि व्यासपीठावर वाचणारंही मूलच असावं. बोलणं रेकॉर्ड करून ग्रंथालयात ठेवा.

समारंभ दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी घ्या. त्या दिवशी जिल्हा न्यायालयं बंद असतात आणि तालुक्याचे वकील येऊ शकतात. २६ नोव्हेंबरला संविधान दिन आणि ३ डिसेंबरला अधिवक्ता दिन असतो, त्या दिवशी प्रत्येक जण कुठे ना कुठे अडकलेला असतो. मे महिना तर उन्हामुळे आणि लग्नांमुळे सोडाच. कार्यक्रम दोन तासांचा, ठरल्या वेळी सुरू. पाहुणे उशिरा आले तर त्यांच्याशिवाय सुरू करा. सत्कारमूर्तीला दहा-पंधरा मिनिटं बोलू द्या, आणि त्यानंतर मुलांनी प्रश्न विचारायचे. पाहुण्यांचं भाषण असलंच तर सगळ्यात शेवटी.

शाल-श्रीफळावरचा खर्च कमी करून त्या व्यक्तीच्या नावाने एका गरजू मुलाला वर्षभर मदत करा. सनदेची फी सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानंतर सर्वसाधारण गटासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपलीकडे घेता येत नाही. हे ओझं उतरलं, पण खोलीभाडं, पुस्तकं, कोट आणि कमाई नसलेली पहिली दोन वर्षं तशीच आहेत.

कागदपत्रांचं थोडक्यात : माजी विद्यार्थी संघ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला असावा, हिशेब आणि पदाधिकाऱ्यांतल्या बदलांचे अहवाल वेळेवर जावेत. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थी सहभागाला गुण आहेत, म्हणून प्राचार्यांनाही हा कार्यक्रम हवासाच असेल. त्याचा उपयोग करून घ्या, फक्त नॅकची भेट आहे म्हणून तारीख आणि नावं घाईने ठरवू देऊ नका.

आणि समिती व्हायची वाट न बघता एक काम या महिन्यातच करा. कार्यालयातून तुमच्या महाविद्यालयाच्या पहिल्या पाच तुकड्यांची रजिस्टरं काढा. कोण हयात आहे, कुठल्या गावाला आहे, ते जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या बाररूमला फोन करून विचारा. जे सापडतील त्यांच्याकडे दोन मुलं आणि एक वही घेऊन जा. सत्कार कुणाचा हे पुढे ठरेल, पण त्यांच्याकडचं ऐकून घ्यायचं ते आधी ऐकून घ्या.